रकाना अकरा: तांत्रिक

नाक तीनला वास येत नाही, ही गोष्ट जगात फक्त एकाच माणसाला माहीत होती आणि तो माणूस म्हणजे स्वतः नाक तीन. चार वर्षांपूर्वी त्याला साधा ताप आला. तीन दिवस राहिला आणि जाताना वास घेऊन गेला. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं साबण हुंगला, चहा हुंगला, बूट हुंगला, शेवटी शेजाऱ्यांचा कुत्रा हुंगला. चारही एकाच वासाचे निघाले, म्हणजे कसल्याच नाही. कुत्र्यानं मात्र उलट त्याला हुंगलं आणि बरोबर ओळखलं. दुसरा कुणी असता तर रजा टाकून डॉक्टरकडे गेला असता. नाक तीन कामावर गेला, कारण त्याला पगार वास घेण्याचाच मिळत होता.

शहराच्या मधोमध वाहणाऱ्या मोठ्या नाल्याला नेमका किती वास येतो, हे मोजायला सरकारनं सात वर्षांपूर्वी एक संशोधन संस्था काढली होती. आधी यंत्र आणलं. ते नाल्याच्या काठावर दोन दिवस टिकलं. मग माणसाच्या नाकाला पर्याय नाही असा निष्कर्ष निघाला (संस्थेचा पहिला आणि आजवरचा एकमेव छापलेला निष्कर्ष) आणि आठशे उमेदवारांतून सहा नाकं निवडली गेली. परीक्षेत एक बंद पाकीट नुसतं हुंगून ते कुणी चाटून चिकटवलं आणि त्याआधी त्यानं काय खाल्लं होतं, हे ज्यानं सांगितलं, तो तिसरा आला. संस्थेत कुणाला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. ‘काय हो चार, पाच आले का?’ ‘पाच येतायत, सहा रजेवर.’ नवख्याला वाटावं, इथे सगळे एकमेकांना वेळ विचारत बसतात.

काम सोपं होतं. सकाळी आठला गोल टेबल, सहा खुर्च्या, दोन खुर्च्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा उंच आडोसा. नाल्यावर भरलेल्या सहा बाटल्या भांडारपालबाई आणून सहा जणांसमोर ठेवायच्या. बूच काढायचं, हुंगायचं, शून्य ते दहा यांतला एक आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी पेटीत टाकायची. नऊ वाजता सहा आकड्यांची सरासरी फाटकाबाहेरच्या फळ्यावर लागायची. एवढ्यासाठी सहाही नाकांना अत्तर बंद, सुवासिक तेल बंद, सुवासिक साबण बंद. त्यांच्या घरच्यांनाही बंद. पाच नंबरांची बायको तर म्हणायची, ‘मी सरकारी नोकरीत नसूनही शिक्षा भोगतेय.’

ताप उतरल्यावर पहिल्याच दिवशी नाक तीननं कंपासच्या टोकानं उजवीकडच्या आडोशाला टाचणीएवढं भोक पाडलं. पलीकडे दोन नंबर बसायच्या. बाई अनुभवी. त्यांच्या चेहऱ्यावर अख्खी मोजपट्टी होती: भुवई हलली की पाच, नाकपुडी फुगली की सहा, डोळे मिटले की सात. नाक तीन तिकडे बघून इकडे लिहायचा आणि कॉपी पकडली जाऊ नये म्हणून अधूनमधून अर्धा कमी लिहायचा. कमीच, जास्त कधी नाही. जास्त लिहिलं की लोक विचारतात, कसला वास आला हो? कमी लिहिणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

डावीकडच्या आडोशालाही एक बारीक भोक असल्याचं त्याला एकदा दिसलं होतं. हल्ली पुठ्ठाच असा येतो, म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

दर रविवारी तो ताईकडे जेवायला जायचा. ताई शिवणकाम करायची. तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि शिलाई मशीनजवळची खिडकी थेट नाल्यावर उघडायची. म्हणजे पूर्वी उघडायची. नाल्यावर सिमेंटची झाकणं बसवायची, असं बांधकाम खात्यानं ठरवलं होतं आणि ताई त्या झाकणांची वाट मुलीच्या लग्नाची बघावी तशी बघत होती. पण सात वर्षांत फळ्यावरचा आकडा नवावरून चारावर आला. तेव्हा खात्यानं पत्र काढलं: वास आपणहून जात आहे, सबब या वर्षअखेर झाकणांची योजना रद्द करण्यात येईल.

“आज फारच आहे रे,” ताई वाढता वाढता म्हणायची.

“चार होता ताई सकाळी. गेल्या वर्षी याच दिवशी साडेपाच होता. कमी झालाय.”

“झाला असेल,” ताई म्हणायची, आणि खिडकीच्या फटीत कापडाची आणखी एक चिंधी कोंबायची.

आणि मग नियम आला.

सरकारी खर्चानं झालेल्या प्रत्येक संशोधनाची आकडेवारी नव्वद दिवसांत जनतेसाठी खुली करावी. मूळ स्वरूपात करावी. प्रत्येक रकान्याचा अर्थ शब्दांत द्यावा, एकही जागा कोरी ठेवू नये. एखाद्या नागरिकानं लेखी प्रश्न विचारल्यास, ज्यानं अर्थ लिहिला त्यानंच तिथल्या तिथे लेखी उत्तर द्यावं. नियम दीड पानाचा होता. संचालकांनी त्यावर अकरा बैठका घेतल्या.

पहिल्या चार बैठका ‘जनता’ म्हणजे कोण यावर गेल्या. पाचव्या बैठकीत ‘मूळ स्वरूप’ निघालं.

“आपल्या आकडेवारीचं मूळ स्वरूप काय?” संचालकांनी विचारलं.

“चिठ्ठ्या,” नाक तीन म्हणाला.

“चिठ्ठीच्या आधी?”

“बाटली, सर.”

गोदामात सात वर्षांच्या, रोज एक जादा भरून ठेवलेल्या, अडीच हजार सीलबंद बाटल्या होत्या. त्या चौकात मांडून जनतेसमोर उघडायच्या की काय, यावर दोन तास चर्चा झाली. शेवटी एक उघडून तर बघू, असं ठरलं. भांडारपालबाईंनी तीन वर्षांपूर्वीची बाटली आणली. संचालकांनी स्वतः बूच काढलं.

पुढच्या दहा सेकंदांत लेखाधिकारी खिडकीतून अर्धे बाहेर गेले. भांडारपालबाई पदर तोंडात कोंबून पळाल्या. संचालक टेबलाखाली गेले, तिथेही तोच प्रकार असल्यामुळे पुन्हा वर आले आणि दाराबाहेर पडले. खोलीत राहिली फक्त सहा नाकं. सहाही जण शांत बसले होते आणि नेमका कुठला चेहरा करायचा, हे कळावं म्हणून एकमेकांकडे बघत होते.

संचालकांनी बाहेरून काचेतून ते पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले, वासानंही असेल. “बघा,” ते लेखाधिकाऱ्यांना म्हणाले, “याला म्हणतात निष्ठा!”

बाटल्या खुल्या करण्याचा विषय तिथेच मिटला आणि रकान्यांचे अर्थ लिहिण्याचं काम, सगळ्यांत कमी तक्रार करणारा म्हणून, नाक तीनच्या गळ्यात पडलं.

वह्यांचे गठ्ठे घेऊन तो बसला. सात वर्षांत ही आकडेवारी पहिल्यांदाच कुणीतरी वाचत होतं आणि तेही नाइलाजानं. रकाना एक, तारीख. रकाना दोन, तापमान. रकाना तीन, पाण्याची पातळी. चार ते नऊ, सहा नाकांचे आकडे. दहा, सरासरी. अकराव्या रकान्यात महिन्यातून एकाच दिवशी सहा आकडे एकाखाली एक भरलेले होते, बाकी जागा मोकळी.

हा कोऱ्या बाटलीचा रकाना. नाकं ताळ्यावर आहेत ना, हे बघायला महिन्यातून एकदा, कुणालाही न सांगता, सहाही बाटल्यांत स्वच्छ हवा भरून ठेवायची रीत होती. अशी बाटली येते हे नाकांना माहीत असायचं, कधी येते ते नाही. तिला शून्य मिळायला हवं.

पहिली तीन वर्षं शून्यच होतं. चौथ्या वर्षी कुठे एक, कुठे दोन. पाचव्या वर्षापासून सहाही नाकांनी स्वच्छ हवेला भरभरून आकडे दिले होते. गेल्या महिन्यात: चार, चार, साडेतीन, चार, चार, साडेतीन.

नाक तीन ते आकडे बराच वेळ बघत राहिला. तिसरा आकडा, साडेतीन, त्याचा स्वतःचा. तो दोन नंबरांकडे बघून लिहिलेला, त्यात नवल नाही. पण मग दोन नंबरांनी स्वच्छ हवेला चार कुणाकडे बघून दिले?

तो उठला आणि रिकाम्या सभागृहात गेला. एकेक आडोसा उजेडासमोर धरून पाहिला. सहा आडोसे, सहा भोकं. दोन नंबर एककडे बघत होत्या, एक सहाकडे, सहा पाचकडे, पाच चारकडे आणि चार त्याच्याकडे. सहा नंबर टापटिपीचा माणूस. त्यानं तर भोकाभोवती कागदाची गोल किनारही चिकटवली होती. नाल्याचा वास रोज हुंगून हुंगून कुणाचं नाक कधी मेलं, कुणास ठाऊक. आकडा मात्र गोल टेबलाभोवती फिरत होता आणि प्रत्येक फेरीत कुणीतरी सावधपणे अर्धा कमी करत होतं. नाला सुधारत होता तो असा.

तो आधी भांडारपालबाईंकडे गेला. “बाई, अकराव्या रकान्यात चार-चार कसे हो?”

“मी आकडे भरते,” बाई म्हणाल्या. “वाचायला वेगळं पद आहे. ते रिकामं आहे.”

मग तो संचालकांकडे गेला.

“सर, रकाना अकरा. कोरी बाटली असं लिहू का?”

“लोक विचारतील, कोरी बाटली म्हणजे काय.”

“हो.”

“मग सांगावं लागेल.”

“हो सर. आणि तिथले आकडे जरा…”

“मी आकडे बघत नाही,” संचालक घाईनं म्हणाले. “मी कल बघतो. कल खाली आहे. वासात खाली म्हणजे चांगलं. तुम्ही असं करा, ‘तांत्रिक’ लिहा.”

“पण सर, अर्थ शब्दांत द्यायचाय.”

“तांत्रिक हा शब्दच आहे ना?”

नाक तीन जागेवर येऊन बसला. खरं लिहिलं तर सहा घरांच्या चुली अडचणीत. त्यांतली एक त्याची. त्याहून वाईट म्हणजे रविवारी ताईसमोर ताटावर बसायचं कुठल्या तोंडानं? त्यानं लिहिलं: ‘रकाना अकरा: तांत्रिक.’ अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.

एकोणनव्वदाव्या दिवशी आकडेवारी खुली झाली. तळघरात, जुन्या फर्निचरच्या मागे, एका संगणकावर. दर मंगळवारी, तीन ते साडेतीन. ओळखपत्र आणून, स्वतःच्या जबाबदारीवर. वह्यांच्या पानांचे फोटो काढून घातले होते, त्यातले निम्मे आडवे. समोर खुर्ची होती, टेबल नव्हतं. नाक तीन अर्थ सांगायला शेजारच्या स्टुलावर. पहिल्या मंगळवारी जनता आली नाही. दुसऱ्या मंगळवारीही नाही. संचालकांनी वर कळवलं: आकडेवारी पूर्णपणे खुली असून जनता समाधानी आहे.

तिसऱ्या, म्हणजे वर्षातल्या शेवटच्या मंगळवारी तीनला पाच कमी असताना जिन्यावर चपला वाजल्या आणि फर्निचरच्या फटीतून ताई आत आली. गळ्यात मापाची पट्टी, हातात कटिंगच्या खाकी कागदाची गुंडाळी.

“तू इथे कशी?”

“जनता म्हणून,” ताई म्हणाली. “का, बंदी आहे?”

नाक तीननं घसा खाकरला. “नागरिकानं ओळखपत्र दाखवावं.”

“अरे, तुला मी न्हाऊ घातलंय.”

“तरीपण.”

ताईनं ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं, खाकी कागद जमिनीवर पसरला आणि मान वाकडी करून आडव्या फोटोंतले आकडे उतरवायला लागली. वीस वर्षं लोकांची मापं घेतलेला हात; पेन्सिल सरसर चालली. तीन वाजून बावीस मिनिटांनी ती थांबली.

“हे बाकीचे रकाने मला कळले. पाऊस आला की खाली, उन्हाळा आला की वर. निदान सुरुवातीला तरी. हा अकरावा काय आहे?”

“लिहिलंय तिथे. तांत्रिक.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे… तंत्राचं असतं काहीतरी.”

“हे बघ. पहिली तीन वर्षं महिन्यातून एक दिवस शून्य. त्या नाल्यावर मी अठरा वर्षं राहतेय. तिथे शून्य एक दिवस काय, एक तास नव्हता. मग हे शून्य कुठलं? आणि त्याच रकान्यात पुढे चार कुठून आले?”

“ताई, साडेतीनला बंद होतं.”

“माहितीये. म्हणून तर घाई करतेय.” ताईनं भिंतीवरच्या खिळ्यातून प्रश्नाचा फॉर्म ओढून काढला आणि त्यावर लिहायला लागली. मान वर न करता म्हणाली, “तुला सांगितलं नाही मी. वर्षभर गोळी घेतेय. झोपताना एक.”

“कसली गोळी?”

“डोक्याच्या डॉक्टरांची. नाकाच्या डॉक्टरांनीच तिकडे पाठवलं. ते म्हणाले, बाई, संस्थेच्या फळ्यावर चार आहे आणि तुम्हाला दहा येतो, तर मधले सहा तुमच्या डोक्यातले आहेत. तुझे भावजीही म्हणाले, सरकारची सहा नाकं खोटी आणि तुझं एकटीचं खरं होय? मलाही पटलं रे. तू दर रविवारी सांगायचासच. तू काय मला खोटं सांगणार?” तिनं फॉर्म पुढे केला. “हं. लेखी.”

जिन्यावर संचालक येऊन उभे होते. साडेतीनला स्वतःच्या हातानं कुलूप लावायची त्यांना हौस होती. ते नाक तीनकडे बघून ओठांनीच म्हणाले, तां-त्रि-क.

नाक तीननं फॉर्म गुडघ्यावर ठेवला. उत्तरासाठी चार ओळी होत्या. त्यानं पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग त्यानं लिहिलं आणि या वेळी अक्षर चांगलं ठसठशीत आलं:

‘रकाना अकरा म्हणजे कोरी बाटली. तिच्यात स्वच्छ हवा असते, तिला वास नसतो. सहाही नाकांनी तिला चारच्या आसपास दिले आहेत, म्हणजे सहाही नाकांना वास येत नाही. उत्तर लिहिणाऱ्याला चार वर्षांपासून येत नाही. मधले सहा नाल्यातलेच आहेत.’

शिक्का मारला. शिक्क्यावर ‘खुले’ असं होतं.

ताईनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग अगदी हळू विचारलं, “म्हणजे तू माझ्या घरात बसून ‘कमी झालाय ताई’ म्हणायचास, तेव्हा…”

“दोन नंबरबाईंच्या भुवया बघून सांगायचो.”

“आणि जेवताना ‘काय घमघमाट सुटलाय’ म्हणायचास ते?”

“अंदाजानं.”

ताईनं गळ्यातली मापाची पट्टी काढली, दुहेरी केली आणि त्याच्या पाठीत सणसणीत ओढली. मग तीच पट्टी डोळ्यांना लावून ती खुर्चीवर बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसतेय की रडतेय, हे त्याला कळेना. बघून लिहायची सवय झालेल्या माणसालाही काही चेहरे वाचता येत नाहीत.

“माझं डोकं ठीक आहे,” ती शेवटी म्हणाली. “अरे मेल्या, माझं डोकं ठीक आहे!”

“अहो, हे काय केलंत तुम्ही!” संचालक जिन्यावरून ओरडले. “सगळं उघडं केलंत!”

“हो सर,” नाक तीन म्हणाला. “चार वर्षं उशीर झाला.”

ताईनं तो कागद घरी नेला नाही. वर फाटकापाशी जाऊन फळ्यावरच्या ‘४.०’ च्या बरोबर खाली तिनं तो चार टाचण्यांनी लावला. कटिंगच्या टाचण्या तिच्याकडे कायम असायच्या. दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर नाल्याकाठचे लोक जमले. त्यांच्यापैकी सात जणांच्या खिशात त्याच डॉक्टरांची तीच गोळी निघाली.

मग चौकशी समिती आली. तिनं सहा भोकांचं माप घेतलं. नियमानुसार ती भोकं आकडेवारीचा मूळ भाग ठरली, त्यामुळे आडोसे काचेच्या कपाटात ठेवून जनतेसाठी खुले करण्यात आले. सहा नंबरांच्या भोकाजवळ अजून गर्दी असते. संचालकांची बढती होऊन ते ध्वनिमापन संस्थेत गेले. तिकडे सहा कान आहेत म्हणे. पाच नाकांच्या बदल्या जिथे वास घ्यावा लागत नाही अशा खात्यांत झाल्या. पाच नंबरांच्या बायकोनं त्याच संध्याकाळी सुवासिक साबणाच्या बारा वड्या आणल्या. नाक तीनला मात्र संस्थेतच ठेवलं. नाल्यात गुडघाभर उतरून बाटल्या भरण्याच्या कामावर आजवर एकही माणूस आठवड्यापेक्षा जास्त टिकला नव्हता. त्या पदासाठी त्याच्याइतका लायक उमेदवार सरकारला मिळणं शक्य नव्हतं.

झाकणांची योजना रद्द करण्याचा आदेश रद्द झाला. झाकणं अजून आलेली नाहीत. पण ती न येण्याला आता कुठलंही शास्त्रीय कारण उरलेलं नाही.

नव्या नाकांची परीक्षा झाली, त्यात ताई पहिली आली. “नोकरीची हौस नाही मला,” ती म्हणाली. “एकदा माझा आकडा सरकारी कागदावर बघायचाय.” पहिल्या सकाळी आडोसे नव्हते, सहाही जणांना सहा वेगळ्या खोल्यांत बसवलं होतं. नाक तीननं पहाटे भरलेली बाटली तिच्यासमोर आली. तिनं बूच काढलं, खिडकी उघडली, चिठ्ठीवर आकडा लिहिला, बूच लावलं.

दहा मिनिटांनी चिठ्ठी नव्या संचालकांच्या लाल शेऱ्यासह परत आली: ‘आपण चौदा लिहिले आहे. मोजपट्टी दहापर्यंतच आहे. कृपया दुरुस्त करावे.’

ताईनं पेन्सिल कानावरून काढली आणि शेऱ्याखाली लिहिलं: ‘पट्टी दहापर्यंत आहे. नाला नाही.’

नियमाप्रमाणे ती चिठ्ठी त्याच दिवशी, मूळ स्वरूपात, खुली झाली. नऊ वाजता नाक तीन रिकाम्या बाटल्यांचा क्रेट घेऊन फाटकातून आत येत होता, तेव्हा रखवालदार एका हातानं फळ्यावर आकडा लिहीत होता. दुसऱ्या हातानं त्यानं स्वतःचं नाक दाबून धरलं होतं. नाक तीन थांबला, त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि सवयीनं मनातल्या मनात म्हणाला: नऊ. साडेआठ लिहू.